पेंच-कन्हान खोऱ्यासाठी नागरिक सल्लागार समिती: प्रकल्प नोंदी

१० एप्रिल २०२३

आधी हद्द ठरवली, नावाचा विचार नंतर. तालुक्यांचा नकाशा बाजूला ठेवून पाण्याचीच वाट धरली. छिंदवाडा जिल्ह्यातले चौराई (माचागोरा) धरण, तिथून व्याघ्र प्रकल्पाच्या मधोमध तोतलाडोह, खाली पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरी. तिथून डावा आणि उजवा कालवा निघतो आणि नदीचे उरलेले पात्र बीना संगमावर कन्हान-कोलारला मिळते. पुढे कामठी, मौदा, कुही आणि आंभोऱ्याला वैनगंगा. या वाटेवर पाणी घेणारे, पाणी अडवणारे आणि पाण्याखाली जाणारे सगळे एका टेबलाशी यावेत, एवढाच या कामाचा हेतू.

२०१९ आणि २०२० या दोन वर्षांनी ही गरज दाखवून दिली आहे. जुलै २०१९ मध्ये तोतलाडोहचा उपयुक्त साठा संपला, मृतसाठ्यातून पाणी घ्यावे लागले आणि नागपूर शहराला एक दिवसाआड पाणी मिळाले. ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या दिवसांत त्याच धरणाचे दरवाजे उघडले आणि पेंच, कन्हान व वैनगंगेच्या काठची गावे पाण्यात गेली. मधे जेमतेम एक वर्ष. पहिल्या वेळी त्रास शहराला, दुसऱ्या वेळी काठाला. हे दोन्ही गट पाणीवाटपाच्या कुठल्याही बैठकीत समोरासमोर बसत नाहीत.

कालवा सल्लागार समिती आहे, पण ती आवर्तनापुरती, म्हणजे कालव्यात पाणी कधी आणि किती दिवस सोडायचे एवढ्यापुरती. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन अधिनियमात लघुवितरिका, वितरिका (कालव्याच्या लहान-मोठ्या शाखा), कालवा आणि प्रकल्प अशा चार पातळ्यांवर पाणी वापर संस्थांची तरतूद आहे, पण त्यांचे सभासद लाभक्षेत्रातलेच, म्हणजे कालव्याचे पाणी मिळणारे. ज्याच्या घरात पुराचे पाणी शिरते, जो नदीत जाळे टाकतो, ज्याच्या गावाशेजारी औष्णिक केंद्राची राख साठते, त्याला यांपैकी कुठेच जागा नाही.

२४ एप्रिल २०२३

कोणाच्या हातात काय आहे, त्याचा तक्ता केला. समिती स्थापन करणारे पहिल्या पत्रात बहुतेक इथेच चुकतात: सगळे प्रश्न एकाच कार्यालयाला लिहितात आणि निम्म्यांना ‘आमच्या कार्यकक्षेत नाही’ असे उत्तर येते.

जलाशयाची पातळी, दरवाजे आणि कालव्यांचा विसर्ग ही जलसंपदा विभागाची कामे. नागपुरात त्यासाठी विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ, म्हणजे सिव्हिल लाइन्समधले सिंचन सेवा भवन. पेंच जलविद्युत केंद्र मात्र मध्य प्रदेशची सरकारी वीजनिर्मिती कंपनी चालवते. त्यात ८० मेगावॅटचे दोन संच, एकूण १६० मेगावॅट. विजेचे वाटप २:१, म्हणजे दोन भाग मध्य प्रदेशाचे आणि एक भाग महाराष्ट्राचा. संच कधी चालवायचा याचे वेळापत्रक जबलपूरच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून ठरते. म्हणजे नवेगाव खैरीत संध्याकाळी किती पाणी उतरणार, हे बऱ्याच अंशी जबलपुरातल्या विजेच्या मागणीवर अवलंबून असते. नागपुरातल्या कार्यालयाला ते विचारून उपयोग नाही.

त्याखेरीज: शहराचे पाणी महापालिकेकडे, कोराडी आणि खापरखेडा केंद्रांचे महानिर्मितीकडे, जंगलातला रस्ता व जलाशयाचा काठ वनविभागाकडे, पुराचा इशारा जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांकडे. चौराई पुन्हा मध्य प्रदेश जलसंपदेकडे.

म्हणून पत्रांचे दोन गठ्ठे केले. मध्य प्रदेशाला जाणारे हिंदीत, स्वतंत्र, कुठलीही प्रत न जोडता. माहिती अधिकाराचा अर्जही दोन राज्यांत दोन वेगळे. एका राज्याच्या माहिती अधिकाऱ्याकडून अर्ज दुसऱ्या राज्यात जाईल, या आशेवर राहू नये.

३ मे २०२३

१ मेच्या ग्रामसभांत ठराव मांडायला मसुदा दिला होता. तीन वाक्यांचा: गाव समितीत प्रतिनिधी पाठवू इच्छिते, प्रतिनिधीचे नाव, आणि प्रतिनिधी बदलायचा झाल्यास पुन्हा ग्रामसभेतच. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या पुढच्या तारखा. त्या चुकल्या तर २६ जानेवारीपर्यंत थांबावे लागते, म्हणून मसुदा महिनाभर आधी सरपंच व ग्रामसेवकांच्या हाती हवा.

आलेल्या ठरावांत दोन अडचणी दिसल्या. बऱ्याच ठिकाणी सरपंचाने स्वतःचेच नाव घातले. त्याला मनाई नाही, पण सरपंचाची मुदत संपली की गावाची जागा रिकामी पडते. दुसरे, महिला प्रतिनिधीचे नाव ठरावात आणि बैठकीला येणार नवरा. नियमात आता सरळ लिहिले आहे: ज्याचे नाव ठरावात, तोच किंवा तीच बसेल. बदली माणूस निरीक्षक म्हणून मागे बसू शकेल, बोलणार नाही.

२० मे २०२३

जागांवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. समिती पुढे काय म्हणेल, ते बहुतांशी तिच्या खुर्च्याच ठरवतात.

सतरा जागा. डाव्या कालव्याचे शेतकरी ३, उजव्या कालव्याचा १. नवेगाव खैरीखालची पूरप्रवण गावे ३ (पारशिवनी, कामठी आणि मौदा-कुही यांतून प्रत्येकी एक). ढिवर-भोई मासेमार २. जंगलकाठची गोंड गावे २. शहरातले पाणीग्राहक २. राखेच्या बंधाऱ्यांजवळची गावे १. तांत्रिक जाणकार २, त्यांतला एक जलविज्ञानाचा आणि एक वीज क्षेत्राचा. छिंदवाडा-सिवनीकडून १. एकतृतीयांश जागा महिलांना, म्हणजे किमान ६.

डाव्या कालव्याच्या तीन जागांपैकी दोन टेलच्या शेतकऱ्यांना राखल्या आहेत. टेल म्हणजे काय, हेही लिहून ठेवले: वितरिकेच्या लांबीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात ज्याची बांधी (धानाचे शेत) आहे तो. व्याख्या नसती तर मुखाजवळचे, वर्षभर पाणी मिळणारे शेतकरी टेलच्या नावाने येऊन बसले असते. पाण्याची टंचाई त्यांना कधी कळतच नाही.

शहराला फक्त दोन जागा का, अशी हरकत आली. लोकसंख्येने मोजले तर शहराला बारा द्याव्या लागतील. पण शहराचे म्हणणे मांडायला महापालिका आहे, आमदार आहेत, वर्तमानपत्रे आहेत. जंगलकाठच्या कोलितमारा गावातल्या माणसाला यातले काही नाही. दोनवरच कायम.

अधिकारी निमंत्रित म्हणून येतील, मत देणार नाहीत. त्यांना सदस्य केले तर दोन गोष्टी बिघडतात: खात्याच्या भूमिकेविरुद्ध शिफारसीवर त्यांना सही करता येत नाही, आणि बदली झाली की खुर्ची रिकामी राहते.

९ जून २०२३

सदस्यांसाठी गणिताचे सत्र. जे समजल्याशिवाय पुढची चर्चा नुसती आरोपांची होते, तेवढेच घेतले.

एकके आधी. १ टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे २८.३२ दलघमी (दशलक्ष घनमीटर). १ घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे ३५.३ क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद). १ क्युसेक चोवीस तास वाहिला तर २४.५ लाख लिटर. महापालिका दशलक्ष लिटरमध्ये बोलते, धरण दलघमीत, कालवा क्युसेकमध्ये. १,००० दशलक्ष लिटर म्हणजे १ दलघमी, एवढे पाठ असले तरी निम्मा गोंधळ संपतो.

तोतलाडोहचा उपयुक्त साठा सुमारे १,०१७ दलघमी, पूर्ण संचय पातळी ४९० मीटर. नवेगाव खैरीचा उपयुक्त साठा सुमारे १४२ दलघमी, म्हणजे वरच्याच्या सातव्या हिश्श्याएवढा. वरच्या मोठ्या भांड्यातून खालच्या लहान भांड्यात ओतायचे असेल तर ओतण्याचा वेग आणि वेळच महत्त्वाची.

आता वीज. प्रभावी पडाव (टर्बाइनवर पाणी जेवढ्या उंचीवरून पडते ती उंची) गणितापुरता १५० मीटर आणि एकूण कार्यक्षमता ८८ टक्के धरली. ८० मेगावॅटच्या एका संचाला सेकंदाला सुमारे ६२ घनमीटर पाणी लागते, म्हणजे जवळपास २,२०० क्युसेक. तासाला ०.२२ दलघमी. दोन्ही संच संध्याकाळच्या मागणीच्या वेळी चार तास चालले तर १.८ दलघमी खाली उतरते. नागपूर शहराची रोजची उचल ६५० दशलक्ष लिटर धरली तर ती ०.६५ दलघमी. म्हणजे चार तासांच्या विजेत शहराचे पावणेतीन दिवसांचे पाणी.

हे ऐकून खोलीत लगेच ‘वीज आमचे पाणी खाते’ असा सूर लागला. तिथे थांबून नीट सांगावे लागते: टर्बाइनमधून गेलेले पाणी संपत नाही, नवेगाव खैरीत येते आणि तिथून कालव्यांत जाते. वीजनिर्मिती पाण्याची जागा आणि वेळ बदलते. नवेगाव खैरीत रिकामी जागा असेल आणि कालवे चालू असतील तर तेच पाणी वीजही देते आणि धानही पिकवते. नवेगाव खैरी भरलेले असेल आणि कालव्याला मागणी नसेल, तर तेच पाणी सांडव्यावरून कन्हानमध्ये जाते आणि उन्हाळ्यासाठी परत मिळत नाही. म्हणून समितीने ‘किती वीज’ यापेक्षा ‘कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला’ हे विचारावे.

बेरजेत नेहमी होणारी चूकही लिहून ठेवतो. तोतलाडोहचा वीजविसर्ग आणि नवेगाव खैरीचा कालवाविसर्ग यांची बेरीज करून ‘इतके पाणी सोडले’ असे सांगणे. पहिला आकडा दुसऱ्या धरणाची आवक आहे. बेरीज केली की तेच पाणी दोनदा मोजले जाते. बातम्यांत ही चूक वारंवार दिसते.

५ जुलै २०२३

धानाची रोवणी सुरू. परे (लावणीची रोपे) तयार झाले की माणूस बांधीतून निघत नाही, त्यामुळे जुलैभर बैठक नाही. वर्षाच्या वेळापत्रकात रोवणी आणि कापणी-चुरणीचे आठवडे कायमचे वगळले आहेत. सोयीच्या तारखा काढताना नोकरदार सदस्य हे विसरतात, मग गणपूर्ती होत नाही, आणि शेवटी चार शहरी माणसे धानाच्या पाण्यावर निर्णय घेतात.

या काळात माहिती अधिकाराचे अर्ज पाठवले. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसायला हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘अचानक पाणी का सोडले’ असे विचारले तर उत्तर मिळत नाही, कारण कारण शोधून द्यायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर नाही. नोंदवहीची प्रत मागावी: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दर तासाची जलाशय पातळी, प्रत्येक दरवाजाची उघडीप, वीजविसर्ग, दोन्ही कालव्यांचा मुखाशी विसर्ग. प्रत मिळत नसेल तर अभिलेख पाहणीची मागणी करावी, तीही याच कायद्यात आहे.

एका कार्यालयाने दिवसाला एकच, सकाळी आठची पातळी दिली. ती अपुरी. संध्याकाळी सहा ते दहा संच चालला, रात्रीतून कालव्याने पाणी ओढून नेले, आणि सकाळी आठला पातळी जवळपास कालचीच. दिवसाचा चढउतार त्या एका आकड्यात बुजून जातो.

तोवर दुसरा मार्ग धरला. विजेचे वेळापत्रक पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ टप्प्यांत ठरते. आपल्या गृहीत पडावाने १ युनिट विजेमागे २.८ घनमीटर पाणी पडते. केंद्राची निर्मिती युनिटमध्ये मिळाली की विसर्गाचा अंदाज निघतो. जलाशयाची पातळी खाली गेली की पडाव घटतो आणि त्याच युनिटला जास्त पाणी लागते, म्हणून गुणक दर महिन्याला बदलून घ्यावा.

१९ ऑगस्ट २०२३

आजचा विषय सगळ्यांत कठीण: धरण कधी भरावे.

जलाशय परिचालन वेळापत्रकात पावसाळ्यातल्या प्रत्येक तारखेला पाणी जास्तीत जास्त कुठवर चढू द्यायचे ते ठरलेले असते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत काही जागा मोकळी ठेवायची, म्हणजे मोठा पूर आला तर तो धरणात जिरवता येतो. पण पुढे पाऊस आलाच नाही, तर ती मोकळी ठेवलेली जागा म्हणजे पुढच्या मे महिन्यात शहराचे आणि रब्बीचे गेलेले पाणी. शहराच्या प्रतिनिधींच्या मनात २०१९ आहे: मिळेल तो थेंब अडवा. कन्हानकाठच्या प्रतिनिधींच्या मनात २०२०: ऑगस्टात धरण तुडुंब ठेवू नका. दोघेही खरे बोलतात. ही चर्चा आधी का झाली नाही याचे उत्तर खुर्च्यांच्या यादीत आहे. आज पहिल्यांदा दोघे एका बाजूला तोंड करून एकाच आलेखाकडे पाहत होते.

चौराई झाल्यापासून प्रश्न आणखी अवघड झाला आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला चौराई आधी भरते, तोवर तोतलाडोहची आवक तेवढी कमी. चौराई भरले की त्याचे दरवाजे उघडतात आणि जी आवक आठवड्यांमध्ये यायची ती थोड्या तासांत येते. म्हणजे वरचे धरण कोरड्या वर्षी तूट वाढवते आणि ओल्या वर्षी पुराला धार देते. चौराईत आज किती टक्के साठा आहे, हे माहीत नसताना तोतलाडोहचे वेळापत्रक पाळणे म्हणजे अर्धाच आकडा हातात घेऊन निर्णय घेणे.

पडताळून पाहायचा तोडगा: वेळापत्रकाला चौराईच्या साठ्याशी जोडावे. चौराई निम्म्याहून रिकामे असेल तर तोतलाडोहला तारखेपेक्षा थोडे जास्त भरू द्यावे, कारण वरती अजून जागा आहे. चौराई नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले की तोतलाडोहमध्ये संच पूर्ण चालवून आधीच जागा करावी आणि ते पाणी नवेगाव खैरीमार्गे डाव्या कालव्यात धानाला द्यावे. त्या दिवसांत धानाला पाणी हवे असते, वीज मिळते आणि पुरासाठी जागाही होते. अडचण एकच: खाली पाऊस चालू असेल तर कालव्याला मागणी नसते. म्हणून नवेगाव खैरीचीही पातळी याच तक्त्यात हवी. जलविज्ञानाच्या सदस्यांनी मागच्या वर्षांच्या आकड्यांवर हा नियम चालवून पाहायचा आहे. त्याआधी शिफारस नाही.

४ सप्टेंबर २०२३

इशाऱ्याची साखळी कागदावर उतरवली: धरणावरचा अभियंता, पूरनियंत्रण कक्ष, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल, गाव. प्रत्येक सांध्यावर कोणाचा फोन, तो न लागल्यास कोण, हे विचारत गेलो. साखळी बहुतेक तलाठ्यापाशी तुटते, कारण एका तलाठ्याकडे अनेक गावे असतात आणि पुराच्या रात्री तो त्यांतल्या एकाच गावात असतो. व्हॉट्सअ‍ॅप गटावर भिस्त ठेवू नये. वीज गेली की मनोरा बंद पडतो, आणि जंगलकाठच्या गावांत एरवीही रेंज मिळेलच असे नाही. मंदिराचा भोंगा आणि दवंडी हवीच, भोंग्याला बॅटरी हवी.

दुसरा दोष भाषेचा. ‘इतके दरवाजे ०.३ मीटरने उघडले, विसर्ग अमुक क्युसेक’ हा संदेश बरोबर असतो, पण त्यातून माळ्यावर धान्य चढवायचे की गुरे सोडायची हे कळत नाही. म्हणून काठच्या नऊ ठिकाणी पाणीपट्ट्या, म्हणजे पाण्याची उंची दाखवणाऱ्या मोजपट्ट्या, रंगवायच्या ठरल्या. दर १० सेंमीला पांढरा आणि लाल पट्टा आलटून पालटून, दर मीटरला आकडा, रंग बाहेरच्या वापराचा इनॅमल. घाटाच्या पायरीवर किंवा पक्क्या भिंतीवर रंगवावे. पुलाच्या खांबावर रंगवायचे तर बांधकाम खात्याची लेखी परवानगी लागते. पट्टीचे शून्य समुद्रसपाटीच्या खुणेशी जोडले नाही तर दोन गावांचे आकडे एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून लेव्हल घेतल्याशिवाय ब्रश लावू नये. पूररेषेच्या खुणाही त्याच पट्टीवर: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल.

यापुढे प्रत्येक विसर्गाच्या वेळी दरवाजा उघडल्याची वेळ आणि प्रत्येक पट्टीवर पाणी चढू लागल्याची वेळ नोंदवायची. दोन-तीन पावसाळ्यांत गावनिहाय तास ठरतील. ते आकडे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाहीत.

२६ सप्टेंबर २०२३

२३ तारखेच्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. काही जणांचे जीव गेले. आज समितीपुढे प्रश्न होता: नाग नदी आपल्या हद्दीत घ्यायची का.

घेतली, पण एका मर्यादेत. शहरातला नाला, पूल, अतिक्रमण हे महापालिकेचे काम, त्यात पडलो तर पेंच मागे पडेल. मात्र नाग पुढे कन्हानला मिळते, आणि शहराचे सांडपाणी तिच्यातून कन्हान आणि वैनगंगेमार्गे गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत जाते. तिथल्या मासेमारांना ते आमच्याइतकेच नीट माहीत आहे. म्हणून नागचे पाणी जिथे कन्हानमध्ये उतरते, तिथून पुढचे समितीचे. भांडेवाडीतले प्रक्रिया केलेले सांडपाणी औष्णिक केंद्राला दिले जाते, तेवढे पेंचचे पाणी मोकळे होते. हा हिशेबही वार्षिक तक्त्यात येईल. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राख नदीत गेली होती. त्या गावांची जागा तेवढ्यासाठीच ठेवली आहे.

१७ ऑक्टोबर २०२३

१५ ऑक्टोबरचा साठा हा वर्षाचा पाया. त्या दिवशी जलाशयात जे आहे त्यावरून पुढच्या जूनपर्यंतचे नियोजन होते: आधी पिण्याचे, मग शेती, मग उद्योग. बाष्पीभवन व गळती त्यातून वजा. कालवा सल्लागार समितीची बैठक त्यानंतर होते. नागरिक समितीचे म्हणणे त्या बैठकीच्या आधी पोचले तरच कामाचे, नंतर गेले तर इतिवृत्तात एक ओळ.

म्हणून दरवर्षी २० ऑक्टोबरपर्यंत एका पानाचा पाणीताळेबंद द्यायचा: चौराई, तोतलाडोह आणि नवेगाव खैरी यांचा साठा एकाच पानावर, शहराचे व औष्णिक केंद्रांचे आरक्षण, दोन्ही कालव्यांची आवर्तने, आणि शेवटी एक रकाना जो आजवरच्या तक्त्यांत नसतो: नदीसाठी. पावसाळा संपला की नवेगाव खैरीखाली सांडवा थांबतो आणि पात्रात झिरपच उरते. मासेमारांच्या दोन प्रतिनिधींनी मागितले ते फार नाही. संगमापर्यंतच्या डोहांत मासा जगेल एवढा सलग प्रवाह, आणि तो अधूनमधून एकदम सोडून बंद न करता.

२१ नोव्हेंबर २०२३

नियम पक्के झाले. मुदत तीन वर्षे. पहिल्या वेळी सगळ्यांची मुदत एकदम संपू नये म्हणून चिठ्ठ्या टाकून सहा जण एका वर्षाने, सहा दोन वर्षांनी आणि पाच तीन वर्षांनी निवृत्त होतील. गणपूर्ती नऊ, पण त्या नऊत पूरगावांचा किमान एक आणि मासेमार किंवा जंगलकाठचा किमान एक हवा. नाहीतर बैठक फक्त माहितीपुरती, निर्णय नाही. आधी एकमताचा प्रयत्न, न जमल्यास दोनतृतीयांश मत, आणि विरोधी मत त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत.

समितीच्या कामाशी संबंधित ठेका, पुरवठा किंवा सल्लागारी ज्याच्या घरात आहे त्याने ते आधी लेखी सांगावे आणि त्या विषयापुरते बाहेर बसावे.

वर्षाचा खर्च: सहा बैठकांचा प्रवास, सरासरी ३०० रुपयांप्रमाणे सतरा जणांचा ३०,६००. रोजी बुडणाऱ्या आठ सदस्यांना बैठकीमागे ५०० प्रमाणे २४,०००. सभागृह १५,०००, छपाई व हिंदी सार १२,०००, नऊ पाणीपट्ट्या ३६,०००, आकडे नोंदवणाऱ्या अर्धवेळ माणसाला महिना ८,००० प्रमाणे ९६,०००. एकूण २,१३,६००. बुडालेल्या रोजीची रक्कम छाटू नका. ती छाटली की दुसऱ्या बैठकीपासून मजूर आणि मासेमार दिसेनासे होतात. पैसा वीज कंपन्या आणि ठेकेदारांकडून घ्यायचा नाही.

नोंदणीचा प्रश्न: सात माणसांत १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते, पण मग ती आणखी एक संस्था होते. महाराष्ट्रातले क्षेत्र नागपूर आणि भंडारा अशा दोन जिल्ह्यांत पसरले असल्याने विभागीय आयुक्तांच्या पातळीवरचा आदेश मागायचा. आदेशात एकच वाक्य अत्यावश्यक: समितीच्या लेखी शिफारसीला संबंधित कार्यालय ३० दिवसांत लेखी उत्तर देईल. मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य, आणि अमान्य असेल तर कारण. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात निर्णयाची कारणे बाधितांना देण्याचे कर्तव्य आधीच आहे, त्याचाच आधार घेतला.

१३ डिसेंबर २०२३

हिवाळी अधिवेशन चालू आहे. निवेदन दोन पानांचे. आमदारांना मोठा अहवाल देऊ नये, तो वाचला जात नाही. निवेदनासोबत एक आलेख आणि आदेशाचा तयार मसुदा.

एका सदस्याने बाहेरचे उदाहरण मागितले होते, ते जोडले. कोलंबिया नदीवरचा कॅनडा-अमेरिका करार १९६१ मध्ये झाला आणि १९६४ मध्ये अमलात आला. त्याखाली कॅनडाच्या हद्दीत डंकन, अ‍ॅरो आणि मायका ही धरणे १९६७ ते १९७३ या काळात उभी राहिली आणि सुमारे २,३०० माणसे उठली. नदीकाठच्या लोकांचे म्हणणे नियमित ऐकणारी प्रादेशिक सल्लागार समिती तिथे २०१४ मध्ये झाली, प्रांत सरकार आणि वीज कंपनी दोघांच्या पुढाकाराने. घ्यावे ते इतकेच की वीज कंपनी सुरुवातीपासून खोलीत आहे. आपल्याकडे ती कंपनी दुसऱ्या राज्याची आहे, म्हणून निमंत्रण दोन्ही राज्यांच्या शासनामार्फत जायला हवे.

२२ जानेवारी २०२४

पहिल्या तीन शिफारसी पाठवल्या, प्रत्येक एका पानावर.

पहिली: पेंच केंद्राची तासवार निर्मिती आणि तिन्ही धरणांची पातळी रोज एका ठिकाणी प्रसिद्ध करावी. दुसरी: दरवाजे उघडण्याचा संदेश क्युसेकसोबत पाणीपट्टीच्या आकड्यातही द्यावा. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ नुसार जुन्या धरणांनाही आपत्कालीन कृती आराखडा करायचा आहे, मुदत कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षे, म्हणजे डिसेंबर २०२६. पट्ट्यांची यादी त्या आराखड्याला जोडण्याची विनंती केली. तिसरी: तोतलाडोहच्या परिचालन वेळापत्रकाचा पुढच्या पावसाळ्याआधी चौराईच्या साठ्यासह फेरविचार व्हावा. हिच्यासोबत ऑगस्टच्या नियमाची मागच्या आकड्यांवरची चाचणी जोडली आहे. कोरड्या वर्षांत फरक कमी पडतो, ओल्या वर्षांत जास्त, हे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. शहराच्या एका प्रतिनिधीचे विरोधी मतही त्याच पानावर.

बाकी कामे: मौदा तालुक्यातल्या दोन पट्ट्यांची लेव्हल अजून घ्यायची. मध्य प्रदेशाच्या जागेवर नाव नाही, सिवनीकडून पत्राची वाट. २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी उरलेल्या गावांना मसुदा आजच पाठवायचा. शिफारसींच्या उत्तराची मुदत २१ फेब्रुवारी. २२ ला न आलेल्या उत्तरांसाठी स्मरणपत्र, त्यात मूळ पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख.